नवे स्पीकर घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावं, आणि कशाची वाट पाहू नये

इंदूरला महारानी रोडवर किंवा जेल रोडवर स्पीकर घ्यायला गेलात की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अभी नया है, सौ घंटे चलने दो, फिर खुलेगा." घरी आल्यावर शेजारचे काका तेच सांगतात, भाचाही तेच सांगतो, फक्त तासांचा आकडा बदलतो. कुणाचे पन्नास, कुणाचे दोनशे. पहिल्यांदाच चांगली सिस्टीम घेतलेल्या माणसाची पंचाईत होते ती इथे. आज जे कानावर पडतंय ते खरं धरायचं, की अजून महिनाभर मत बनवायचंच नाही?

आजचंच खरं धरा. नव्या स्पीकरमध्ये सुरुवातीला थोडा बदल होतो, तो मोजताही येतो. पण त्यातला बराचसा वाजवायला लागल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत उरकतो, आणि पेटीत बसवलेल्या स्पीकरच्या आवाजात तो जेमतेम उमटतो. अॅम्प्लिफायर, डॅक (डिजिटल गाण्याचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारं यंत्र) आणि केबलसाठी तर शंभर तास थांबायचं काहीच कारण नाही. महिन्याभरात आवाज सुधारल्यासारखा वाटतो तो मुख्यतः जागेमुळे, व्हॉल्यूममुळे आणि आपल्या कानामुळे.

हे आधीच सांगायचं कारण पैशाचं आहे. रोज एक तास ऐकणाऱ्या माणसाला दोनशे तास भरायला साडेसहा महिने लागतात. ऑनलाइन घेतलेल्या मालाची परत करायची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांची असते, दुकानदाराची त्याहून कमी. "पुढे खुलेल" म्हणून वाट पाहिली की ही मुदत हातची जाते, आणि न आवडलेला किंवा सदोष स्पीकर कायमचा घरात राहतो. म्हणून पहिला आठवडा वाट पाहण्यात घालवू नका, तपासणीत घालवा.

खोका उघडताना

पक्कं बिल घ्या. त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, खोक्यावरचा नंबर त्याच्याशी जुळतो का ते पाहा. खोका, थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास येतो. अशा दिवसांत गोदामातून आलेला स्पीकर दोन-तीन तास खोलीत नुसता राहू द्या. रबर गारठलं की ताठ होतं, आणि तो ताठरपणा नवेपणाचा समजला जातो.

आत नेमकं काय बदलतं

वूफर म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर. त्याचा कोन, म्हणजे पुढे-मागे हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा, दोन ठिकाणी धरलेला असतो. पुढे कडेला रबराची किंवा फोमची गोल पट्टी असते, तिला सराउंड म्हणतात. मागे, कॉइलजवळ (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याजवळ), नागमोडी घड्यांची कापडी चकती असते, तिला स्पायडर म्हणतात. ते कापड राळेत भिजवून, गरम साच्यात दाबून कडक केलेलं असतं. कोन पहिल्यांदा जोरात पुढे-मागे झाला की या राळेतले बारीक बंध तुटतात आणि स्पायडर थोडा मऊ होतो. सुरुवातीचा खराखुरा बदल मुख्यतः हाच. सराउंडही किंचित सैलावतो. वरचे स्वर वाजवणारा छोटा ट्वीटर इतका कमी हलतो की त्यात पाहण्याजोगं काही नसतं.

स्पायडर मऊ झाला की वूफरची नैसर्गिक कंप्रता काही हर्ट्झनी खाली येते. सुटा वूफर टेबलावर ठेवून मोजला तर हा फरक स्पष्ट दिसतो, आणि "खुलण्या"च्या बाजूने बोलणारे याच मोजमापाचा आधार घेतात. मोजमाप खरं आहे. पण आपण सुटा वूफर ऐकत नाही. बंद पेटीत कोनच्या मागे कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते, आणि लहान पेटीत ती हवेची स्प्रिंग स्पायडरपेक्षा बरीच ताठ असते. त्यामुळे स्पायडर थोडा मऊ झाला तरी एकूण ताठरपणा फारसा बदलत नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात स्पीकर आणि पेटीचं गणित मांडलं, त्यातूनही हेच निघतं. स्पायडर मऊ झाला की नैसर्गिक कंप्रतेचा आकडा उतरतो आणि वूफरच्या मऊपणाचा आकडा चढतो, आणि पेटीतून बाहेर पडणाऱ्या आवाजात दोघांचा परिणाम बराचसा एकमेकांत जिरतो. शिवाय कारखान्यातून निघण्यापूर्वी बहुतेक स्पीकर तपासणीत एकदा वाजवलेले असतात. घडी तिथेच थोडी मोडलेली असते.

आपल्या मराठी घरांत ही समजूत इतक्या सहज रुजते, कारण नवा तंबोरा वाजत गेला की खुलतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तंबोऱ्याचं काम स्वतःचा नाद देणं हे आहे. स्पीकरचं काम उलट आहे, त्याने स्वतःचा नाद शक्य तितका मिसळू नये. वाद्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नका.

पहिली संध्याकाळ: दोष शोधायचा

सर्वांत आधी वायरी पाहा. अॅम्प्लिफायरचं लाल टोक स्पीकरच्या लालला, काळं काळ्याला, दोन्ही बाजूंना. एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्या तर दोन्ही कोन एकमेकांविरुद्ध हलतात, खालचे स्वर एकमेकांना खातात आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरल्यासारखा वाटतो. "बेस अजून खुलला नाही" या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं, आणि ते शंभर तासांनी नाही, दोन मिनिटांत दुरुस्त होतं. शंका असेल तर एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून बघा. ज्या जोडणीत आवाज मध्ये येतो आणि खर्ज भरतो ती बरोबर. वायरी काढ-घाल करताना अॅम्प्लिफायर बंद ठेवा.

मग मोबाइलवरचं तानपुऱ्याचं अॅप लावा. बाजारातल्या कुठल्याही चाचणी-आवाजापेक्षा आपल्याला हे जास्त उपयोगी, कारण हा आवाज सारखा राहतो आणि तो आपल्या ओळखीचा असतो. काळी एक (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर) लावली की मधल्या षड्जाच्या जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास वाजते. काळी पाचला हेच आकडे २३३ आणि ११७ होतात. बॅलन्स फिरवून आधी फक्त डावा, मग फक्त उजवा स्पीकर ऐका. दोघांचा रंग सारखा हवा. खर्जाबरोबर पेटीतून बारीक खरखर किंवा थरथर येत असेल तर पेटीवर हात ठेवा, मागचे स्क्रू आणि पुढची जाळी तपासा.

त्यानंतर तबल्याचं एकल वादन लावा आणि डग्ग्याची घसीट लक्ष देऊन ऐका. घसीटीत स्वर सलग वर-खाली सरकतो, त्यामुळे कॉइल कुठे घासत असेल तर नेमक्या त्या जागी "खर्र" असा आवाज उमटतो. घासणारी कॉइल वाजवून सुधारत नाही, बिघडत जाते. असा स्पीकर त्याच आठवड्यात परत करा. कोणी "चलाओ, बैठ जाएगा" म्हणालं तरी ऐकू नका.

शेवटी गाणं बंद करून व्हॉल्यूम नेहमीच्या पातळीवर ठेवा आणि कान ट्वीटरजवळ न्या. अगदी बारीक "हिस्स" चालते. खालच्या स्वरातली सलग घरघर मात्र आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची असते. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, भिंतीतल्या तीन-पिनी सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो धोकादायक आहे.

एक अपेक्षा इथेच बाजूला ठेवा. चार इंची वूफरचा छोटा स्पीकर ६९ हर्ट्झ जेमतेम वाजवतो. तरी खर्जाचा भास होतो, कारण वरच्या सहस्वरांवरून कान मूळ स्वर स्वतःच जोडून घेतो. पण डग्ग्याचा धक्का छातीला जाणवेल असा खर्ज त्यातून कितीही तास वाजवलं तरी येणार नाही. तो हवा असेल तर मोठी पेटी किंवा सबवूफर घ्यावा लागेल, आणि तो निर्णय मुदतीच्या आत घ्यायचा आहे.

जोडीवरच प्रयोग करा

कोणाचंही ऐकून विश्वास ठेवू नका, माझंही. स्पीकर जोडीने येतात, म्हणून खात्री करण्याची सोय घरातच आहे.

पहिल्या दिवशी दोन्ही स्पीकर एकमेकांना खेटून ठेवा, गाणं मोनो करा (म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज), आणि दोन्ही आलटून पालटून ऐकून त्यांच्यात मुळात काही फरक आहे का ते लिहून ठेवा. एकाच मॉडेलचे दोन नगही तंतोतंत सारखे नसतात, म्हणून ही नोंद वगळू नका. मग एक स्पीकर दुसऱ्या खोलीत खोक्यात ठेवा आणि उरलेला पाच दिवस मनसोक्त वाजवा. मोठ्या आवाजात, छोट्या आवाजात, आरती, बातम्या, भावगीत, सगळं.

पाच दिवसांनी खोक्यातला बाहेर काढा, दोन्ही पुन्हा शेजारी ठेवा, त्यांच्यावर पातळ चादर टाका. घरातल्या कोणाला तरी सांगा की नाणं उडवून कोणता वाजवायचा ते ठरवावं आणि तुम्हाला कळू देऊ नये. तुम्ही पाठ करून बसा आणि प्रत्येक वेळी "वाजलेला" की "नवा" ते कागदावर लिहा. हे सोळा वेळा करा. नुसत्या अंदाजाने सरासरी आठ उत्तरं बरोबर येतात. बारा किंवा जास्त बरोबर आली तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे तुम्हाला काहीतरी खरंच ऐकू येतंय. तसं झालं तर पहिल्या दिवसाची नोंद उघडा. तोच फरक तेव्हाही होता का? असेल तर तो दोन नगांतला फरक आहे, तासांचा नाही. शेजारी ठेवलेल्या दोन पेट्यांच्या जागेतही फरक पडतो, म्हणून निम्म्या फेऱ्यांनंतर त्यांची अदलाबदल करा.

यात एक संध्याकाळ जाते. पण पुढच्या खरेदीत कोणाच्या शब्दावर किती खर्च करायचा हे त्या संध्याकाळीच कळून चुकतं.

जागा

आता ज्याने आवाज खरोखर बदलतो त्याकडे येऊ. समजा खोली १० बाय १२ फुटांची आहे आणि छत १० फुटांवर. समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठराविक स्वर अडकून फुगतात. १० फुटांत तो स्वर सुमारे ५६ हर्ट्झ, १२ फुटांत ४७. इथे रुंदी आणि उंची सारखीच असल्याने ५६ हर्ट्झवर दुप्पट जोर येतो. पखवाजाचा किंवा ढोलाचा एखादा ठोका घुमतो आणि त्याच्या शेजारचा स्वर दुबळा वाटतो, याचं कारण बहुधा हे असतं. स्पीकर किंवा खुर्ची फूटभर सरकवली की त्या स्वरांची पातळी अनेक डेसिबलनी बदलू शकते. स्पायडरच्या मऊपणाने होणारा बदल याच्यापुढे काहीच नाही.

सुरुवात अशी करा. स्पीकर मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, कोपऱ्यापासून दूर, आणि ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण. शोकेसच्या कप्प्यात, टीव्हीच्या मागे, देवघराच्या खालच्या फळीवर ठेवू नका. फळी स्वतः वाजते आणि कप्पा घुमतो. दिवाण मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर तिथे बसून ऐकताना खर्ज नेहमी फुगलेला लागतो. थोडं पुढे सरकून बघा.

मग टाळी वाजवा. नव्या फ्लॅटमध्ये, राजेंद्रनगरला असो की विजयनगरला, फरशी टाइल्सची आणि भिंती सिमेंटच्या असतात. टाळीनंतर पत्र्यासारखा "ट्रर्र" उमटतो. हाच आवाज गायकाच्या "स" आणि "श"वर चढतो, आणि लोक म्हणतात ट्वीटर नवा आहे, म्हणून टोचतोय. स्पीकर आणि तुमच्यामध्ये जाड सतरंजी किंवा जाजम अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तमच. रामबागेतल्या एखाद्या जुन्या, लाकडी माळ्याच्या, सामानाने भरलेल्या घरात हेच स्पीकर पहिल्या दिवसापासून मवाळ वाजतील.

एका वेळी एकच गोष्ट बदला, सहा-सहा इंचांनी. आवडलेल्या जागेवर फरशीला कागदी चिकटपट्टीची खूण करा. ते झालं की आठवडाभर हात लावू नका.

कानाचा भाग

स्पीकर स्थिर राहतो आणि ऐकणारा बदलतो, हे कानाने फसवणं नाही. कान असाच काम करतो. चमकदार आवाजाच्या स्पीकरची काही दिवसांत सवय होते आणि तो मवाळ वाटू लागतो. आवाजाच्या बारीक रंगाची आठवण तर काही सेकंदांपलीकडे नीट टिकत नाही. "पहिल्या दिवशी असा नव्हता" हे वाक्य म्हणून भरवशाचं नाही, ते कितीही प्रामाणिकपणे म्हटलेलं असो.

दुसरी गोष्ट व्हॉल्यूमची. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की ते झपाट्याने वर येतात. नवा स्पीकर आपण पहिल्या दिवशी जपून, हळू वाजवतो. आठवड्याने हात सैल होतो, बटण थोडं पुढे जातं, आणि बेस "खुलतो". तुलना करायची असेल तेव्हा मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या अॅपने पातळी सारखी करा. एक डेसिबलनी मोठा आवाजही माणसाला मोठा न वाटता चांगला वाटतो.

कानाला मापदंड लागतो, आणि तो इंदूरकरांना मिळण्यासारखा आहे. हे अमीर खाँसाहेबांचं शहर, देवासला कुमार गंधर्व राहिले, आणि मायक्रोफोनशिवायच्या घरगुती बैठका आजही होतात. अशा एखाद्या बैठकीला जाऊन पुढे बसा. समोरच्या तंबोऱ्याचा झंकार, गाणाऱ्याचा श्वास, डग्ग्याचा पोत नीट लक्षात ठेवा. मग घरी खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा लावा. चौदा मात्रांच्या त्या लांबलचक आवर्तनात दोन स्वरांमध्ये जी शांतता असते, तिच्यात तंबोरा शेवटपर्यंत विरताना ऐकू येतो की खोलीच्या घुमण्यात हरवतो, एवढंच पाहा. कुमारजींच्या गाण्यात आवाज एकदम चढतो आणि एकदम अगदी हळू होतो, त्यावरून अॅम्प्लिफायरचा दम कळतो. जुन्या ध्वनिमुद्रणात टेपची "हिस्स" असते, तो स्पीकरचा दोष समजू नका. पडताळ्यासाठी अलीकडचं एखादं स्वच्छ मुद्रणही जवळ ठेवा.

बाकीच्या यंत्रांचं थोडक्यात

ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तापमानाला स्थिरावतो. ते रोजचंच आहे, नवेपणाशी संबंध नाही. वर्षानुवर्षं बंद पडून राहिलेल्या जुन्या अॅम्प्लिफायरचे कपॅसिटर मात्र पुन्हा सावरायला वेळ घेतात. तो थेट जोरात न लावता आधी मेकॅनिकला दाखवावा. व्हॉल्व्हचा असेल तर रोज काही मिनिटं तापू द्या, आणि नव्या व्हॉल्व्हचा बायस (त्यातून वाहणाऱ्या स्थिर प्रवाहाची जुळणी) सुरुवातीच्या काही तासांनंतर एकदा तपासून घ्या. डॅकमध्ये घासणारं, वाकणारं काही नाही. लावा आणि ऐका.

केबलमधलं तांबं गाण्याने बदलत नाही. जाडी मात्र महत्त्वाची. इलेक्ट्रिशियन ज्याला दीड स्क्वेअर म्हणतो, ती तांब्याची वायर पाच मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन सुमारे ०.१२ ओहम अडथळा करते. आठ ओहमच्या स्पीकरला हे पुरेसं आहे. वाचलेले पैसे स्टँडवर आणि जाजमावर घाला.

हेडफोनमध्ये आवाज बदलतो तो मुख्यतः कानावरच्या गाद्यांमुळे. त्या दबून कानाभोवती नीट बसल्या की खर्ज टिकतो. रेकॉर्ड प्लेयरच्या कार्ट्रिजमधला (सुई धरणाऱ्या भागातला) रबराचा तुकडा मात्र सुरुवातीच्या काही तासांत थोडा सैलावतो, तिथे ही समजूत बऱ्यापैकी लागू पडते. सुईचा दाब कंपनीने दिलेल्या मर्यादेत ठेवा, थंडीत तिच्या वरच्या बाजूला.

तरीही आधी वाजवून घ्यायचे असतील तर

साधं गाणं, साध्या आवाजात, चार-सहा तास पुरेसे. शेजाऱ्यांना त्रास नको असेल तर दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून ठेवा, एकाच्या वायरी मुद्दाम उलट जोडा आणि मोनो लावा. कोन हलतात, पण खालचे स्वर एकमेकांना खातात आणि आवाज बराच दबतो. वरून गोधडी टाकली तरी चालेल, फक्त अॅम्प्लिफायर झाकू नका. झाल्यावर वायरी सरळ करायला विसरू नका. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हेही ध्यानात असू द्या.

रात्रभर मोठ्या आवाजात लावून झोपू नका. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. कॉइल शंभर अंशांनी तापली तर विरोध ४० टक्क्यांच्या आसपास चढतो आणि आवाज जवळपास ३ डेसिबलनी दबतो. सकाळी स्पीकर "मवाळ" झालेला वाटला तर तो तापलेला आहे. थंड झाल्यावर पूर्ववत होईल, आणि मर्यादा ओलांडली असेल तर कॉइल जळून बंद पडेल.

मुदतीच्या आदल्या दिवशी सगळ्या नोंदी घेऊन बसा. दोष असेल, किंवा ठीक जागी ठेवूनही आवाज आवडत नसेल, तर परत करा. आवडला असेल तर पुढची दहा-पंधरा वर्षं काळजी घ्यायची ती सराउंडची. फोमची पट्टी आपल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हळूहळू कुजते. दर दिवाळीच्या साफसफाईत जाळी काढून तिच्यावर बोट अलगद टेकवा. भुगा निघाला तर वाजवणं थांबवा आणि कोन बदलणाऱ्या कारागिराकडून फक्त पट्टी बदलून घ्या. तेवढ्यासाठी पूर्ण वूफर बदलायची गरज नसते.